अ. नि. शिकलगार यांचा अर्ज

प्रिय अश्फाकभाई,

इस्लामपुरात हल्ली पहाटे इतकं दाट धुकं उतरतं, की गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तर आपली बेकरी दिसत नाही. नुसता भाजत्या पावाचा वास येतो, आणि त्या वासामागून चालत गेलं की अब्बा सापडतात. म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत सापडायचे. ईदलाही न विझणारी आपली भट्टी आता विझलीय.

तू महाबळेश्वरच्या हॉटेलात विजेच्या भट्टीवर केक करतोस, हे वाईच्या मामूंकडून कळतं. तिथं राख उपसावी लागत नसेल. लहानपणी आपण दोघं मैद्याच्या पोत्यांवर पालथे पडून भट्टीचं तोंड बघत असायचो. तू म्हणायचास, आत सूर्य झोपलाय, हळू बोल. मी कितीतरी वर्षं ते खरं मानलं.

आठ वर्षांपूर्वी तू अब्बांना म्हणालास, लाकूड बंद करा, हा धूर तुम्हाला खाईल. ते म्हणाले, ज्याला धूर नको त्याला हे घरही नको. तू पिशवी उचललीस. त्यानंतर घरात तुझं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नाही. खोकला मात्र रोज ऐकू यायचा. मिरजेच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला, तरी अब्बांचं आपलं एकच, मैदा उडतो, दुसरं काय!

मी आता प्रदूषण मंडळाच्या सांगलीच्या कार्यालयात कंत्राटावर आवक-जावक बघते. लोकांचे अर्ज येतात, मी शिक्का मारून नंबर घालते. पावसाळा सरता सरता आपल्याच बेकरीविरुद्ध एक टाईप केलेला अर्ज दाखल झाला. चिमणी बुटकी आहे, लाकूड जाळतात, शेजारच्या नव्या व्यापारी संकुलात धूर शिरतो आणि खुद्द मालकाच्या छातीला अपाय होतोय. खाली नाव : अ. नि. शिकलगार.

आमच्या कार्यालयातल्या प्रांजल मॅडम तपासणीला आल्या, तेव्हा मी रजा टाकून घरी थांबले होते. अब्बांनी खुर्ची पुसून दिली, नानकटाई पुढं केली. मॅडमनी ती खाल्ली नाही, चिमणीकडे मात्र बराच वेळ बघत राहिल्या. सोबत ऊर्जा खात्याचे एक साहेब होते. त्यांनी भिंतीवर उष्णता मोजायचं यंत्र रोखलं आणि निम्मी आच इथूनच वाया जाते म्हणाले. अब्बा म्हणाले, "वाया कुठं जातीया, साहेब? पावसाळ्यात गल्लीतल्या बाळंतिणींची दुपटी ह्याच भिंतीवर वाळत्यात." साहेबांनी यंत्र खिशात घातलं. पण नोटीस यायची ती आलीच. तीन महिन्यांत लाकूड बंद करा, गॅस नाहीतर वीज घ्या.

नोटिशीला अर्जाची प्रत जोडलेली होती. अब्बांनी चष्मा लावून खालचं नाव वाचलं. मला वाटलं, आता कागद फाडतील. ते त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "अश्फाकनं दिलाय ह्यो. शेजाऱ्यांना माझ्या छातीचं काय पडलंय? आठ वर्सं झाली, पोराला अजून माझी काळजी हाय." मुदत तीन महिन्यांची होती, त्यांनी तिसऱ्याच आठवड्यात आग काढली. आता दुपारी गार भिंतीला टेकून बसतात आणि झोपेतून बोलल्यासारखं विचारतात, विजेच्या भट्टीत पावाला तसा रंग येतो का गं? अम्मीनं वरची तुझी खोली झाडून घेतलीय.

भाई, तो अर्ज मी लिहिला. अफसाना नियाज. शिक्काही मीच मारला. आपली दोघांची आद्याक्षरं एकच आहेत, हे खाली नाव टाईप करताना माझ्या डोक्यातही आलं नाही. खरं सांगायला दोनदा अब्बांपुढं गेले आणि त्यांचा चेहरा बघून पाणी आणायच्या निमित्तानं परतले. इतके उजळलेले अब्बा मी तू गेल्यापासून पाहिले नव्हते. म्हणून हे पत्र. तू ये. ते विचारतील, अर्ज तूच दिलास ना? तेव्हा हो म्हण. ते खोटं ठरणार नाही, उंबऱ्यात उभा राहून तू बोललेलंच मी टाईप केलंय.

तुझीच,
अफसाना