पंचविसावी गोष्ट

मंगळवार, ४

पोचलो एकदाच्या! खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. खिडकीतून तळं दिसतं म्हणून सांगितलं होतं, ते दिसतं — कंबरेपर्यंत बाहेर वाकून, मान डावीकडे वळवली की. सूनबाईंनी वळवून पाहिली आणि वहीत लिहिलं, ‘दृश्य अर्धवट.’

सूनबाई म्हणजे आमच्या मालकांची सून. दोन महिन्यांपासून छापखान्याचा कारभार त्यांच्याकडे. बरोबर मोजपट्टी आणलीय, लाल पेनं आणलीत चार, आणि आमचं पुस्तक — ‘या शहरात करायच्या पंचवीस गोष्टी’, अकरावी आवृत्ती. सतरा वर्षं या एवढ्याशा पुस्तकानं आमची चूल पेटती ठेवलीय. आता एका वाचकानं कळवलं की नऊ नंबरची गोष्ट सापडतच नाही. झालं! बारावी आवृत्ती काढायची तर आधी पंचवीसच्या पंचवीस गोष्टी स्वतः करून बघायच्या, असं ठरलं. मी बरोबर, कारण तपासण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

गाडीतच सांगून टाकलं त्यांनी — “एक जरी कोणी पदरची घातलेली निघाली ना बाई, तर पुस्तक बंद. आणि घालणारा घरी.”

मी म्हटलं, “बरोबर आहे.” तीस वर्षं मुद्रितं तपासतेय. बाईंच्या नजरेतून काना सुटत नाही, असं मालक चारचौघांत सांगतात.

पंचवीस नंबर मी पदरचा घातलाय.

बुधवार, ५

सूनबाई आंघोळीला गेल्यात. तेवढ्यात लिहून काढते, पोटात ठेवून ठेवून अपचन व्हायची वेळ आलीय.

पुस्तक लिहिलं होतं एका भूगोलाच्या मास्तरांनी. त्यांची हयात या शहरात गेली. आता ते नाहीत. सतरा वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर टाइप केलेले कागद आले, त्यात गोष्टी चोवीस. मुखपृष्ठावर पंचवीस — आणि मुखपृष्ठ छापून तयार! मशीनवाला दारात उभा, “बाई, शेवटच्या पानांचा फर्मा द्या, मशीन थांबलंय.” मालक जेवायला गेलेले. शेवटच्या पानावर चार ओळींची जागा. मी चार ओळी लिहिल्या. बस्स. डबा खाल्ला आणि विसरून गेले.

विसरले कसली! अकरा आवृत्त्यांची मुद्रितं मीच तपासली, आणि दर वेळी त्या पानाशी आले की घाईनं पान उलटलं.

मी हे शहर बघितलेलं नव्हतं. आज पहिल्यांदा बघतेय. एवढ्या पाण्याला तळं म्हणायला जीभ रेटत नाही. पलीकडचा काठच नाही!

बुधवार, संध्याकाळ

एक नंबर: पुलापासून नौकाघरापर्यंत काठाकाठानं चालणे, ‘सुमारे वीस मिनिटे.’ आम्हाला बेचाळीस लागली. मी म्हटलं, मास्तर तरुण असतील तेव्हा. सूनबाईंनी फुली मारली.

तीन नंबर: घड्याळाचा मनोरा, एकशे बारा पायऱ्या. सूनबाईंनी चढताना मोजल्या एकशे अठरा. विश्वास बसेना म्हणून उतरताना पुन्हा मोजल्या — एकशे सतरा. आता कोणता आकडा छापायचा यावर खालच्या बाकावर आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, “शंभराच्या वर लिहा.” त्या म्हणाल्या, “असं मोघम चालवूनच ही वेळ आलीय.”

माझे गुडघे मोघम नाहीत, खरेखुरे दुखतायत.

गुरुवार, ६

नऊ नंबर. ‘मासळीबाजारामागच्या गल्लीत पितळी दारावर तीनदा टकटक करा. आतले आजोबा तुमच्या नावाचं पहिलं अक्षर शिंपल्यावर कोरून देतात.’

दोन तास शोधलं. गल्ली आहे. दारं आहेत, सगळी लाकडी. एका दारावर सूनबाईंनी टकटक केलीच. एक काकू पोळपाट हातात घेऊनच बाहेर आल्या. “दर सुट्टीत येतात माणसं विचारायला. चाळीस वर्षं राहतेय इथे, असले आजोबा बघितले नाहीत बाई. असते तर मीच नसतं का कोरून घेतलं?”

सूनबाईंनी वहीत लिहिलं, ‘खोटे. कोणी घातले — शोधणे.’ ‘शोधणे’खाली दोन रेघा. लाल फुली मात्र मलाच मारायला लावली. मारली. मनात म्हटलं, मास्तर, माफ करा. तुम्हीही?

जेवण गेलं नाही. मला घरी बसायचं नाहीये. निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत, आणि घरी बसून मी तपासू काय — भिंतीवरचं कॅलेंडर?

शुक्रवार, ७

दहा ते तेरा, सगळ्या खऱ्या. बोटीवर सूनबाईंना मळमळलं, तेवढाच मला विसावा!

शनिवार, ८

चौदा नंबर. वाचनालय, वरचा मजला, पश्चिमेची खिडकी. ‘दुपारी चारनंतर इथून पाहिलं तर तळं छपरांच्या वर चढून बसल्यासारखं दिसतं.’ खरंच दिसतं! मी दहा मिनिटं तोंड उघडं टाकून बघत होते. सूनबाईंनी घड्याळ, पट्टी, सगळं खाली ठेवलं.

ग्रंथपाल म्हणाले, “पूर्वी इथे मोठं कपाट होतं हो. खिडकी कोणी उघडलेलीच नव्हती. पण लोक तुमचं ते पुस्तक घेऊन यायला लागले. शेवटी कपाट हलवलं, खुर्च्या टाकल्या.”

कपाट होतं तर मास्तरांनी पाहिलं कधी? सूनबाईंच्या हे लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी पुस्तकाचं पान उलटलं.

संध्याकाळी आईस्क्रीम खाल्लं दोघींनी. त्यांना माहेरच्या एका मैत्रिणीची आठवण झाली. चिमणी म्हणायच्या तिला. एका फालतू भांडणावरून सहा वर्षं बोलणं नाही. “चूक कोणाची होती?” “तेच तर तपासायचं राहिलं,” म्हणाल्या आणि हसल्या. चांगली आहे हो मुलगी. उद्या तीच मला घरी बसवणार.

पंधरा ते चोवीसमधल्या बऱ्याचशा कालच झाल्या होत्या, उरलेल्या आज सकाळी उरकल्या. उद्या पंचवीस.

रविवार, ९

माझ्या चार ओळी अशा: ‘जुन्या धक्क्याच्या टोकाला उभं राहून पलीकडच्या काठाला हाक मारा. ज्याला मारायची राहिली, त्याला मारा. उत्तर आलं तर पुन्हा या. नाही आलं, तर पुन्हा याच.’

रस्ताभर देवाला विनवत होते, धक्का तरी असू दे. धक्का होता. आणि धक्क्यावर रांग होती! रांग — हाक मारायला! पुढे एक आजोबा. त्यांनी ‘अगंऽऽ’ एवढंच म्हटलं आणि टोपी नीट करून बाजूला झाले. मागे दोन कॉलेजच्या पोरी, कोणा सरांच्या नावानं शिमगा करून हसत सुटल्या. एक बाई नुसतीच उभी राहिली, मग मागच्याला म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे.”

माझे डोळे भरून आले. खोटं कशाला लिहू — अभिमानानं भरून आले.

सूनबाईंनी वहीत बरोबरची खूण केली. सुटले! आता गुपचूप खोलीवर जायचं आणि तोंडावर पांघरूण घेऊन झोपायचं, एवढंच काम होतं. पण कडेला एक चहावाला होता. सूनबाईंनी त्याला विचारलं, ही पद्धत कधीपासूनची? तो छाती काढून म्हणाला, “आमच्या आजोबांनी सुरू केली. शंभर वर्षं झाली असतील.”

“काहीतरीच काय! माझं आहे ते! मी लिहिलंय, सतरा वर्षांपूर्वी, डबा खायच्या आधी!”

हे मी बोलले. मोठ्यानं. रांगेतले सगळे वळून बघायला लागले.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या ओळी नीट केल्या. स्वतःच्या म्हणाव्यात अशा आयुष्यात चारच, आणि त्याही चहावाल्याच्या आजोबांना देऊन टाकू? नाही जमलं. पायावर धोंडा पाडून घेतला तो घेतला.

सूनबाईंनी वही उघडून ती खूण पुन्हा बघितली. मग म्हणाल्या, “बाई, हे मला बाबांना सांगावं लागेल. उद्या सकाळी फोन करते.” वही पिशवीत टाकली. आणि तशाच रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा अशी खणखणीत हाक मारली — “ए चिमणेऽऽ!”

उत्तर कुठलं यायला. परतीच्या वाटेवर त्या माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिल्या. मी खोलीवर येऊन बॅग भरून ठेवली.

सोमवार, १०

नाश्त्याला सूनबाईंनी मालकांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. मग मालक असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. “अगं, मास्तरांनी बावीसच दिल्या होत्या! नऊ नि चौदा मी घातल्या. तिसरी काही सुचेना. म्हणून कागद बाईंच्या टेबलावर ठेवले आणि मुद्दाम जेवायला गेलो.”

सतरा वर्षं!

सूनबाईंनी कपाळावर हात मारला. मग वही उघडली, ‘कोणी घातले — शोधणे’वर काट मारली, आणि नऊ नंबरसाठी एक कोरं पान माझ्यापुढे सरकवलं. वर लाल पेन ठेवलं.

“चार ओळी, बाई. मी चहा सांगून येते.”