पाठ फिरवलेल्यांच्या रांगेतून

प्रिय रसेल,

फोनच केला असता, पण फोनवर आपल्या दोघांचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू आवाज चढवतोस, मी फोन ठेवून देते. म्हणून लिहायला बसले. दुपार आहे, तुझा मेहुणा कर्ट झोपलाय, समोरच्या शेतात मक्याची कापणी चाललीय. तशी बातमी काहीच नाही. रेल्वे इंजिन दुरुस्तीची शेड बंद झाल्यापासून गावात कोणी घर विकलं, कोणी ओमाहाला मुलीकडे गेलं, एवढ्याच बातम्या. मी धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग करते. तासावारी मजुरी, बाकी काही नाही. काम वाईट नाही, पण पत्रा इतका पातळ की डिझेल इंजिनाच्या चौकटी जोडलेल्या हातांना ते शिवणकाम वाटतं.

कर्टनं शाळेची बस चालवणं सोडलं. तुला सांगायचं राहिलं. लोकांना तो ‘पोरांच्या कलकलाटाचा कंटाळा आला’ असं सांगतो. तू विचारलंस तर तुलाही तेच सांगेल.

त्या जूनमधल्या दिवसाबद्दल तू एकदाही नीट बोलला नाहीस, मीही नाही. आज माझ्या बाजूनं सांगते. हिवाळ्यात कंपनीनं आम्हाला सगळ्यांना घरी बसवलं, आणि बर्फ वितळतोय न वितळतोय तोच जाहीर केलं की उन्हाळ्यात तू चालवतोस ते जुनं वाफेचं इंजिन देशभर मिरवत फिरणार, आपल्या गावातही थांबणार. युनियनच्या हॉलमध्ये त्या रात्री नुसता आरडाओरडा. कोणी म्हणालं, रुळावर ट्रक आडवे घाला. कोणी म्हणालं, अंडी फेका. म्हातारा मिलार्ड, बाबांच्या हाताखाली शिकलेला, तो तेवढा उठून म्हणाला, “अरे, इंजिनानं तुमचं काय घोडं मारलंय? आपल्याच आजोबांनी बांधलंय ते. साहेबांचा राग त्याच्यावर कशाला काढता?” त्यावर मागून आवाज आला, “मिलार्ड, त्या इंजिनाच्या एका फेरीच्या तेलात माझं घर वर्षभर चालेल!” दोघांचंही मला पटलं. हीच माझी पंचाईत आहे, रसेल. मग मी म्हटलं, काही फेकायचं नाही, काही अडवायचं नाही. इंजिन आलं की फक्त पाठ फिरवून उभं राहायचं. हो, ती कल्पना माझी. तुला एव्हाना कळलंच असेल.

तू आलास तेव्हा धान्याच्या उंच कोठारापासून फाटकापर्यंत आम्ही कामावरची नारिंगी जाकिटं घालून उभे होतो. रुळाच्या पलीकडे कॅमेरेवाल्यांची ही गर्दी, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, आइस्क्रीमची गाडी. आमच्या बाजूला चिडीचूप. आधी जमीन थरथरली, मग तो वास आला, गरम तेलाचा आणि वाफेचा, बाबांच्या अंगाला यायचा तसा. मला वाटलं होतं तू येताना ती लांबलचक, रडवेली शिटी वाजवशील. तू फाटकाला नियमानं लागते तेवढीच वाजवलीस. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नव्हते.

मिलार्ड वळला. अर्धं इंजिन पुढे गेल्यावर त्याला राहवलं नाही. “रागवा मला, पण मी बघणार,” असं पुटपुटला आणि टोपी काढून बघत राहिला. कोणी रागावलं नाही. मी नाही वळले. मग इंजिन थांबलं आणि तू खाली उतरलास. मला वाटलं, तिकडे भाषण करणाऱ्या साहेबांकडे जाशील. तू आमच्या रांगेला वळसा घालून समोर आलास आणि एकेकाचं तोंड बघत चालत गेलास. तुझं तोंड काजळीनं काळं, डोळे तेवढे लाल. माझ्यासमोर थांबलास. मी मनात काय काय जमवून ठेवलं होतं तुला ऐकवायला. आणि तू म्हणालास, “जोलीन, ऊन फार आहे, टोपी तरी घालायचीस.”  बोलले असते तर तिथेच रडले असते, आणि पलीकडे कॅमेरे होते.

पेपरात कंपनीनं छापून आणलं की इंजिनाचा खर्च जाहिरातीच्या पैशातून होतो, कामगारांच्या पगारातून नाही. जणू खिसे दोन असले की पँटही दोन माणसांच्या असतात! पण तू नंतर फोनवर विचारलंस, “उद्या मी हे इंजिन विझवलं तर तुमची शेड उघडणार आहे का?” मी फोन आपटला.  विझवून काही उघडणार नाही हे मला कळतं. तरी ज्यांना आम्ही परवडत नाही त्यांना ते परवडतं, हे गिळता येत नाही. दोन्ही खरं आहे. आणि दोन्ही वागवून मी दमलेय.

आता कर्टचं. कंटाळा वगैरे काही नाही. त्याचे हात थरथरतात. मार्चमध्ये वळणावर स्टिअरिंग हातातून निसटलं. बसमध्ये पोरं नव्हती, नशीब. त्यानंच जाऊन चाव्या परत दिल्या. डॉक्टर म्हणाले पार्किन्सन. आता त्याच्या शर्टाची बटणं मी लावते आणि तो खिडकीबाहेर बघत विनोद करतो. शेडमधून मिळालेला आजारपणाचा विमा या वर्षाअखेर संपतो. कोठ्यांच्या कारखान्यात विमा नाही, तुमच्याकडे आहे.

जूनच्या त्याच फोनवर, भांडणाच्या आधी, तू म्हणाला होतास की तुझ्या हाताखालच्या इंजिनाच्या टोळीतला वेल्डर निवृत्त होतोय, त्या जागी तू येतेस का. आणि मी म्हटलं होतं, “आमच्या मयतीला बँड लावलात, आता मला ट्रम्पेट वाजवायला बोलावतोस?” ती जागा भरली का रे? हे विचारायलाच लिहिलं. भरली असेल तर सरळ तसं कळव, मी धुसफुसणार नाही. नसेल भरली, तर मी येते. हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून मी कालच सांगितलं.  दोघं उठून निघून गेले. मग मिलार्ड म्हणाला, “जा पोरी. पण तिथे जाऊन मत बदलू नकोस.” नाही बदलणार. बॉयलरचा प्रत्येक जोड बाबांनी शिकवला तसा नीट करीन, पण गर्दीला हात हलवायला खिडकीत उभी राहणार नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यात इंजिन आपल्या गावात आलं, तर त्या दिवसाची मला रजा दे. मी रांगेत असेन.

दमलेली, तरी तुझीच,
जोलीन