गाडी डावीकडे ओढते

१२ जानेवारी, रविवार

पुन्हा डावीकडचाच शंकू पडला! एक नाही, दोन! पहिला मधल्या वळणावर, दुसरा अगदी शेवटी, घड्याळ थांबायच्या तोंडावर. फेरीची वेळ अशी झकास लागली होती की काही विचारू नका — आणि वर दोन शंकूंचा दंड. गेलं सगळं मुसळ केरात.

वन्सं उतरल्या, हेल्मेट काढलं, ठकीच्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाल्या, "वहिनी, ही डावीकडे ओढते."

लग्नाच्या वेळी आईने बजावलं होतं, थोरल्या नणंदेपासून जरा जपून राहा. आईला काय कल्पना, नणंद माझ्या हातात पाना देईल! ठकी ही त्यांची गाडी, माझ्या नवऱ्याहून थोडीच धाकटी. चालवतात त्या, उघडते मी. नवऱ्याची गाडी रस्त्यावर उन्हात, ठकी गॅरेजात सावलीत. तो म्हणतो, या घरात माझा नंबर तिसरा.

शंकूकाकांनी (शंकू मांडणं, उचलणं, हिरवा झेंडा दाखवणं — क्लब म्हणजे तेच) आज पुन्हा नियम सांगितला. मोसमात एका रविवारी दोन्ही फेऱ्या वेळेत, एकही शंकू न पाडता, तर डोंगर चढायच्या शर्यतीत जागा. दोनच रविवार उरलेत, आणि मग मार्चमधला शेवटचा.

येताना गाडीत वन्सं एकदम म्हणाल्या, "यंदा डोंगर नाही मिळाला तर ठकी विकणार. वयाला शोभत नाही आता." मी म्हटलं, काहीतरीच काय! ठकी गेली तर मी रविवारी करू काय — नवऱ्याशी गप्पा?

१४ जानेवारी, मंगळवार

सापडलं!!

गोदामातल्या कामावरून आले ती चहासुद्धा न घेता गॅरेजात. ठकीला जॅकवर चढवलं आणि पुढची चाकं हाताने फिरवली. उजवं गरागरा. डावं कण्हत कण्हत! ब्रेक सुटतच नाहीये. उघडून बघते तर पिस्टनला गंज, पाय सोडला तरी चाक धरूनच बसतो. म्हणजे गाडी डावीकडे ओढणार नाही तर काय करणार बिचारी!

वन्संना फोन केला. "सापडलं! ब्रेक!" एवढंच ओरडले. त्या म्हणाल्या, "हो? खरंच? ब्रेक होता?" आवाज असा आला, जणू हरवलेली अंगठी सापडली.

नवरा दारातून म्हणाला, "कोण सापडलं?"

१८ जानेवारी, शनिवार

पिस्टन घासून लख्ख, सील नवे. आज ब्रेकच्या तेलातली हवा काढली. वन्सं आत पेडलवर, मी खाली आडवी. "दाबा." "दाबलं." "सोडा." "सोडलं." शेजारचे आजोबा फाटकाशी थांबून ऐकत होते, त्यांना वाटलं कोणाचा तरी दात काढतायत.

कोपऱ्यापर्यंत मी चालवून आणली. स्टिअरिंग सोडलं तरी रेघेसारखी सरळ! वन्संना तसं सांगितलं तर म्हणतात, "तुझ्या वेगाला हातगाडीसुद्धा सरळ जाते." बरोबरच आहे. मी पाना धरणारी, चालवणं हे आपलं काम नव्हे.

२ फेब्रुवारी, रविवार

एकच शंकू! डावा, पण एकच!! दुसरी फेरी तर स्वच्छ!

वन्सं म्हणाल्या, अजून थोडी ओढते. मी म्हटलं, थोडीच ना? उरलेलं पण काढू. घरी येईपर्यंत दोघींच्या तोंडाला कुलूप नव्हतं. त्यांनी उत्साहात माझा चहा कपाऐवजी बशीत ओतला, तो मी बशीतूनच प्यायला.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोरी बांधून चाकांची अलाइनमेंट! दुकानातलं मशीन लाख चांगलं असेल, पण ते लोक ठकीला बघून हसतात. म्हणून गाडीच्या दोन्ही अंगांना चार खुर्च्या, खुर्च्यांना ताणून दोरी, आणि दोरीपासून रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपर्यंत पट्टीने माप. खुर्च्या जेवणघरातल्या. जेवणं ओट्याशी उभ्याने.

माप वन्सं घेणार होत्या, पण म्हणाल्या, "तूच बघ बाई, या उजेडात मला दोरीच दिसेना." मी दिवा आणला, तरी म्हणाल्या तूच बघ. बघितलं — आणि डावं चाक बाहेर तोंड करून! केसभरच, पण बाहेर! सापडलं!

टाय रॉड फिरवून सरळ केलं. हात काळे, कपाळ काळं, नवरा म्हणाला, नाकावर पण लागलंय. लागू दे!

९ फेब्रुवारी, रविवार

आज धमाल. चारी चाकांवर वजन कसं पडतं ते मोजायचं होतं. गोदामातले पार्सल तोलायचे चार काटे साहेबांना विचारून आणले (साहेबांना वाटलं मी घरी वाण्याचं दुकान काढतेय). चालवणारीचं वजन धरून मोजावं लागतं, म्हणून वन्संना आत बसवलं. त्यांना फोन आला, त्या उतरल्या, तर नवऱ्याला म्हटलं तू बस थोडा वेळ. काट्यांचे आकडे असे उडाले की मला वाटलं स्प्रिंग तुटली!

"हा माझा अपमान आहे," नवरा आतून.

"हलू नकोस," मी.

"बाळ, जरा श्वास सोड म्हणजे आकडा खाली येईल," वन्सं. तो पन्नाशीला आला तरी अजून त्यांचा बाळच.

पण गंमत बाजूला — डाव्या पुढच्या कोपऱ्यावर वजन जास्त! बॅटरी तिकडे, जॅक तिकडे. बॅटरी उचलून मागे उजवीकडे नेली, नवी तार ओढली. मग हात शिवशिवायलाच लागले. मागची सीट काढली, सतरंजी काढली, दारांच्या आतले पुठ्ठे काढले. आता दार लावलं की डबा वाजल्यासारखा आवाज येतो. काय गोड आवाज आहे!

११ फेब्रुवारी, मंगळवार

चाकांच्या सांध्यांत बसवायचे नवे बुश आले! लालभडक, दगडासारखे कडक. उशाशी घेऊन झोपावंसं वाटतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

जुने बुश काढले तर रबराचा चुरा हातात आला. डावीकडचा तर नुसता नावाला होता. सापडलं! आता मात्र नक्की! वन्संनी बुशचा चुरा तळहातावर घेऊन निरखला आणि म्हणाल्या, "बघ. मी म्हणत होते ना."

नवे बसवताना दोघींनी पान्याला लोंबकळून जोर लावला. चालवून बघितलं — वळणावर आधी कशी डोलत होती, आता खिळल्यासारखी! वन्सं ओरडल्या, मी ओरडले, सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने काच वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना?

सगळं ठीक आहे! येता रविवार आपला!

२३ फेब्रुवारी, रविवार

दोन शंकू. डावे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहायची इच्छाच झाली नाही. गाडी इतकी सुंदर चालली होती! इंजिन गात होतं! वन्संच्या फेरीत मागची चाकं अशी नेमकी सरकत होती की शंकूकाका झेंडा खाली घ्यायचा विसरले. आणि मग टप्प, डावा शंकू चाकाखाली. दुसऱ्या फेरीत पुन्हा, टप्प.

वन्सं रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "जाहिरात देऊन टाक. वापरलेली, डावीकडे ओढते."

मी देणार नाही. एक रविवार बाकी आहे.

१ मार्च, शनिवार

स्टिअरिंगचा रॅक दुसऱ्यांदा खाली उतरवला. सगळे सांधे हलवून पाहिले. स्प्रिंगा काढून शेजारी शेजारी उभ्या केल्या. पुन्हा दोरी, पुन्हा पट्टी, पुन्हा काटे.

काहीच सापडलं नाही.

याची मला सवय नाही. जुन्या गाडीत दोष शोधायला बसलं की तो सापडतोच, हे मी इतकी वर्षं बघतेय. आज पहिल्यांदा रिकाम्या हाताने उठले. खरं सांगायचं तर जीव घाबरला.

वन्संना म्हटलं, गाडीत काही दोष नाही.

"म्हणजे माझ्यात आहे?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"तोंडाने नाही म्हटलंस."

मग शब्दाला शब्द. त्या म्हणाल्या, शर्यतीच्या वेगात ती काय करते ते गॅरेजात पट्टी घेऊन कळत नाही. मी म्हटलं, मग कसं कळतं ते तरी सांगा! तर म्हणाल्या, "चालव तूच! एका गाडीवर दोन नावं चालतात. घाल तुझं पण नाव, मग सांग ओढते की नाही!" आणि खरंच, माझ्यासमोर शंकूकाकांना फोन लावला. मी नको नको म्हणत असताना नाव घातलं!

नवरा फक्त एवढंच म्हणाला, "हेल्मेट कुणाचं घालणार?"

७ मार्च, शुक्रवार

जेवण जात नाही. हेल्मेट घालून आरशात बघितलं. मडक्यात डोकं अडकलेल्या मांजरासारखी दिसते.

९ मार्च, रविवार

कुठून सुरू करू!

वन्सं आधी गेल्या. पहिल्या फेरीत मधल्या वळणावर डावा शंकू, अगदी शेवटी दुसरा डावा. संपलं. डोंगर गेला. त्या परत आल्या, शांतपणे पट्टा सोडला, सीट माझ्यासाठी पुढे सरकवली. म्हणाल्या, "डावीकडे ओढेल. आधीपासून थोडं उजवीकडे धरून ठेव." एवढं वाईट वाटत असताना मला सांगत होत्या!

झेंडा पडला आणि मला पहिल्या वळणापर्यंतचं काहीच आठवत नाही. मग एकदम सगळं दिसायला लागलं. शंकू, डांबर, शंकू, शंकूकाकांची टोपी. वन्संनी सांगितल्याप्रमाणे उजवीकडे धरून ठेवलं, तर उजवा शंकू घासत घासत वाचला! मग धरणं सोडून दिलं. जिकडे बघितलं तिकडे ठकी गेली. जिकडे बघितलं तिकडे! मी बसवलेला एकेक बुश मला बुडाखाली कळत होता. कोणीतरी मोठमोठ्याने हसत होतं, शेवटी लक्षात आलं मीच हसतेय.

एकही शंकू नाही! दुसऱ्या फेरीत वेग वाढवला — आता भीड चेपली होती — तरी एकही नाही! आणि वेळ? दोन्ही फेऱ्या वेळेत!!

नवरा टाळ्या वाजवत धावत आला, चप्पल मागेच राहिली. शंकूकाका वही घेऊन आले, "अभिनंदन! डोंगराच्या यादीत तुमचं नाव!" आणि मग आपले भाबडेपणाने, "पण डावीकडे ओढते म्हणता ती गाडी कोणती मग? हीच?"

मी वन्संकडे बघितलं. त्या अजून उभ्याच असलेल्या डाव्या शंकूकडे बघत होत्या. मग मान वळवून, अगदी पूर्ण वळवून, माझ्याकडे.

"नाही ओढली?"

"नाही हो वन्सं."

"बरं," म्हणाल्या. मग मला अशी घट्ट मिठी मारली की हेल्मेट त्यांच्या हनुवटीला लागलं. "वाघीण आहेस," म्हणाल्या. मला आनंदाने रडू येत होतं आणि लाजही वाटत होती. त्यांचा डोंगर मी घेतला, असं कायसं.

११ मार्च, मंगळवार

वन्संचा फोन. ठकीबद्दल एक शब्द नाही. "गुरुवारी रजा टाक. माझ्याबरोबर यायचंय एके ठिकाणी."

१३ मार्च, गुरुवार

वन्संच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. पूर्ण पिकलेला. ऑपरेशन केलं की दिसेल, पण डोंगराच्या आधी काही जमत नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "या डोळ्याने कधीपासून दिसत नाही?" वन्सं माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वर्ष होईल."

वर्ष! जिन्यातच ओरडले, "अगं, मग बोलली का नाहीस तू? मी अख्खी गाडी सोलून काढली!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना अगं-तुगं केलं, आणि ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

त्या कठडा धरून पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "तू दर वेळी काहीतरी शोधून काढायचीस. सापडलं, म्हणून किती नाचायचीस! मग मलाही वाटायचं, गाडीतच असेल."