‘तू’ म्हणजे मी

९ जानेवारी

मी देव आहे! आज पेपरात छापून आलंय.

म्हणजे माझं नाव नाही घातलेलं. पण कविराजांच्या त्या जुन्या कवितेतला ‘तू’ म्हणजे साक्षात परमेश्वर, असा शोध एका प्राध्यापकांनी लावलाय. लेखाचं नाव ‘एका नास्तिकाची आळवणी’. प्रत्येक ‘तू’ जाड ठशात. वाचणाऱ्याने चुकून बायको समजू नये म्हणून!

इतकी वर्षं मी समजत आले की तो ‘तू’ म्हणजे मी. लग्नानंतर दोन वर्षांनी मी तापाने दवाखान्यात पडले होते, तेव्हा आमच्या या नवऱ्याने लिहिलेली कविता.

तू असशील तर ऐक, नसशील तरी ऐक.
कधी मागणार नाही म्हणालो होतो —
बघ, हात पसरलेत.

हात कशासाठी पसरले असतील? चहासाठी. घरात करून द्यायला कोणी नव्हतं ना! यात परमेश्वर कुठून आला?

१० जानेवारी

कविराजांना म्हटलं, त्या प्राध्यापकांना फोन कर, सांग की घोटाळा झालाय.

‘जाऊ दे गं. कविता एकदा छापली की वाचणाऱ्याची.’

वा! आणि बायको? ती कोणाची?

१६ जानेवारी

वन्सं आल्या. हातात भलामोठा पुष्पगुच्छ, डोळ्यांत पाणी. ‘शेवटी दादा वळलाच! मी रोज प्रार्थनेत त्याचं नाव घेत होते.’ म्हणजे वळवण्याचं श्रेयही यांचंच.

घरात देव नको, ही माझी अट होती. लग्नाच्या आधी घातलेली. कविराजांनी उड्या मारत मान्य केली होती. पुढे याच बहिणीशी जेवणाच्या टेबलावर तासन्‌तास वाद घालायचे, आमटी गार होईपर्यंत. आज गप्प! कपातल्या चहात काहीतरी शोधत बसले. नंतर विचारलं, तोंडाला कुलूप का होतं? तर म्हणे, ‘तिला बरं वाटतंय ना, वाटू दे.’

सगळ्यांना बरं वाटू दे. मी आहेच.

२ फेब्रुवारी

एक गायक येऊन गेला. माझ्यापेक्षा मोठा अंबाडा होता डोक्यावर. कविता गाण्यात घ्यायची परवानगी हवी होती. ‘काकू, काय डीप आहे हो! अंगावर काटा येतो.’ हीटर लावला त्याच्यासाठी.

फक्त मध्ये मध्ये ‘प्रभो’ घालू का, म्हणाला. तालासाठी.

मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर कविराज ‘घाला’ म्हणून मोकळे!

२० फेब्रुवारी

गाणं आलं. ‘प्रभो’ मी मोजायला लागले होते, मग सोडून दिलं. भाडेकरू म्हणून शिरला आणि आता घरमालक झालाय. माझ्या वाटच्या तीन ओळी मागे कुठेतरी, ड्रमच्या खाली चेंगरलेल्या.

वाण्याकडे तेच, बसमध्ये तेच. आज दाताच्या डॉक्टरांकडेही तेच! मी खुर्चीत आडवी, तोंडाचा आ, त्यात ड्रिल. निषेध नोंदवायची सोयच नाही. डॉक्टर म्हणाले, ‘ऐकताना मन शांत होतं, नाही?’

ऑऑ, म्हटलं.

१ मार्च

सून सध्या एक कादंबरी वाचतेय. तीत देव टॅक्सी चालवतो, गिऱ्हाइकांना सल्ले देतो आणि मीटरपेक्षा जास्त पैसे घेत नाही. तिथेच कळतं की कादंबरी आहे.

पुस्तक मिटून म्हणाली, ‘आई, तुम्हाला खरंच वाईट वाटतंय का?’

हट्! असं तोंडाने म्हणाले. पण दुसरी बाई असती तर निदान तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. याच्या झिंज्या कुठे शोधायच्या?

माझ्यासाठी आयुष्यात कोणी दुसरी कविता लिहिलेली नाही. एकच होती.

८ मार्च

शनिवारी अंबाड्याचा मोठा कार्यक्रम. कविराजांचा सत्कार. मी स्पष्ट सांगितलं, स्टेजवर एकच वाक्य बोल. ‘ही कविता मी माझ्या बायकोसाठी लिहिली.’ बस. शाल नको, हार नको, मला तेवढं दे.

‘बघतो,’ म्हणाले.

या माणसाने जन्मभर विजेचे मीटर तपासले. एक युनिट इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. आणि मला ‘बघतो’!

१४ मार्च

सभागृह खचाखच. मी पहिल्या रांगेत, चांगली साडी नेसून. अंबाड्याने विचारलं, ‘सर, सगळ्यांना जाणून घ्यायचंय. हा ‘तू’ कोण?’

कविराज उठले. माझ्याकडे पाहिलं. मग माईकमध्ये म्हणाले, ‘ज्याला लिहिली, त्याला पोचली.’

त्याला! पुल्लिंगी!

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं. प्राध्यापक चष्मा पुसत होते. वन्संनी माझा हात दाबला, ‘वहिनी, भाग्यवान आहेस गं!’ मी हात सोडवून बाहेर पडले. टॅक्सी केली. ड्रायव्हरने सल्ला दिला नाही आणि सुटे नाहीत म्हणाला. खरा माणूस!

१५ मार्च

बोलत नाही.

१६ मार्च

अजून नाही. ते चहा करून आणतात आणि ठेवून जातात. बरा करतात.

१७ मार्च

दुपारी मटार सोलत होते. तो समोर येऊन बसला, मूठभर शेंगा ओढून घेतल्या. मग खाली बघूनच म्हणाला, ‘तुला कधी सांगितलं नाही. त्या तापात डॉक्टर मला म्हणाले होते, आशा ठेवू नका, माहेरच्यांना बोलावून घ्या. मी जिन्यात जाऊन बसलो. आणि मागितलं.’

‘कोणाकडे?’

‘ज्याच्याकडे मागतात, त्याच्याकडे. तुला मागितलं.’

मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?

‘तू हसली असतीस.’

हसायलाच तोंड उघडलं. आवाज दुसराच आला.