धायरीच्या उतारावरचं अर्धं जळीत

९ फेब्रुवारी १९८४
लुनावरून धायरी. आज जाळणी. रामभाऊ सत्तरीचे, टेकडीचा हा उतार त्यांचा. गवत मऊ यावं म्हणून दर वर्षी अख्खा जाळतात. यंदा माझ्या हट्टाखातर अर्धाच. आगीनं सगळं नासतं असं कॉलेजात इतकी वर्षं शिकवतेय, एकदा मोजून तरी बघावं.
वारा फिरला. आग मधे आखलेल्या चुन्याच्या रेघेपलीकडे, माझ्या राखलेल्या बाजूकडे सरकली. मी ओलं पोतं शोधेपर्यंत रामभाऊ हिरवी फांदी घेऊन आत शिरलेसुद्धा. माझी बाजू वाचली. त्यांचा उजवा तळवा भाजला.

१० फेब्रु.
मलम घेऊन गेले. त्यांच्या पत्नी सोनाबाई आम्हा दोघांनाही सारखंच बोलल्या. मग मला जेवायला वाढलं. रामभाऊ चमच्यानं, डाव्या हातानं जेवत होते. मला मान वर करून बघवेना.

२८ फेब्रु.
रामभाऊंची पट्टी सुटली. सोनाबाईंकडून कळलं, भाजल्या हातानं रोज वर जाऊन माझ्या बाजूला गुरं फिरकू देत नाहीत. मला अवाक्षर नाही!

४ जुलै
जळल्या बाजूला लुसलुशीत गवत. माझ्याकडे जुनं कुसळी गवत आडवं पडलेलं, त्याच्याखाली पिवळे कोंब. रामभाऊ दोन्ही बाजू बघून गुरांमागं गेले. बोलले असते तर बरं.

२१ ऑगस्ट
मोजणी. खरपुडीची कंदिलासारखी फुलं जळल्या बाजूला जागोजाग. माझ्या बाजूला शोधून शोधून चार. कंद जमिनीखाली सुखरूप, वर मोकळं ऊन. इतकी वर्षं काय शिकवलं मी...
रामभाऊंना म्हटलं, तुमचंच खरं निघालं. ते मला माझ्याच बाजूला वर घेऊन गेले. धावड्याच्या झाडाच्या जुन्या बुंध्याला गुडघाभर फुटवे. तिथंच बसले.
"माझा बाप ह्याच्या सावलीला भाकर खायचा. मुळं जित्ती हायत, ठावं नव्हतं. मीच जाळत हुतो की दर साली."
मीही शेजारी बसून राहिले.

६ फेब्रुवारी १९८५
गवत वाळलं. मला गेल्या वर्षी जाळलेली बाजू पुन्हा जाळायला हवीय, खरपुडीसाठी. रामभाऊंना यंदा कुठंच काडी लावायची नाही. ठिणगी उडाली तर धावडा जाईल म्हणतात. सोनाबाई हसल्या. म्हणाल्या, दोघांनी बाजू बदलल्या काय?
"तुमी म्हणाल तसं, बाई," रामभाऊ म्हणाले. मी म्हटलं, उतार तुमचा, तुम्ही सांगा. ते मी सांगायची वाट बघत राहिले, मी त्यांची. चहा झाला. ठरलं काहीच नाही.
सोमवारी परत धायरीला जाते. वारा पडलेला असला तर जाळायचं का, विचारीन. की नकोच...