जागा क्रमांक सतरा

सोमवार, ३ फेब्रुवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या महिन्यापासून ऑफिसातली टेबलं आणि मीटिंगच्या खोल्या सॉफ्टवेअरवर बुक करायच्या. कोणाचं टेबल कायमचं नाही. आलात, बुक केलंत, बसलात. तयारीची सगळी जबाबदारी माझी. तुमच्याशिवाय हे कोण करणार, असं म्हणाले. खरंच आहे. इथल्या लोकांना स्वतःचा ड्रॉवर आवरता येत नाही.

मनाशी पक्कं केलं. हे काम फत्ते झालं की कोपऱ्यातली काचेची खोली आपली. सध्या तिथे बंद पडलेलं झेरॉक्स मशीन ठेवलंय. बावीस वर्षं मी हॉलमध्ये आणि मशीनला स्वतंत्र खोली!

खोली मिळाल्याचं बायकोला फोन करून सांगून टाकलं. एवीतेवी मिळणारच आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हॉलचा नकाशा काढला. टेबलं सतरा. दारापासून नंबर घातले. माझं खिडकीजवळचं सतरावं.

आमचा अकाउंटंट (मी त्याला उसासे म्हणतो, दर दोन मिनिटांनी एक सोडतो) विचारायला आला, त्याचा नंबर पहिला का? चेहरा खुलला होता. म्हटलं, दाराशी बसतोस म्हणून. लगेच एक सोडला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सॉफ्टवेअर कंपनीची मुलगी आली. वय माझ्या भाचीएवढं, तोरा सासूचा. दोन आठवडे दर तासाला हॉलमध्ये फिरा आणि कोणतं टेबल भरलेलं, कोणतं रिकामं ते लिहा, म्हणाली. म्हणजे किती टेबलं लागतात ते कळेल. बरं.

फॉर्ममध्ये 'डेस्क' लिहा म्हणाली. मी 'जागा' लिहिणार. भाषेचा काही सेल्फ-रिस्पेक्ट आहे की नाही? ती म्हणाली, वरच्या लोकांना नोकरीतली जागा वाटेल, गोंधळ होईल. म्हटलं, आमचं मुख्य कार्यालय शिकलेलं आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. दुपारी सव्वातीन

फेऱ्या जोरात. ठोका पडला की क्लिपबोर्ड घेऊन उठतो. काय एकेक नमुने! जागा ४: चहाला. जागा ९: शेजारी म्हणतात आत्ताच उठले. गेल्या तीन फेऱ्या आत्ताच उठलेत. उसासे जागेवर, पण काम करतोय असं कोणी शपथेवर सांगावं.

जागा १७: रिकामी. अर्थात, मी फेरीवर आहे ना. तरी खूण केली. एकाला सूट दिली की सगळे हात पसरतात.

बुधवार, १२ फेब्रुवारी

फेरी अर्ध्या तासावर आणली. मुलगी म्हणाली, गरज नाही. तिला काय कळतंय. माझी पत्रं तुंबली आहेत, पण ती कोणीही लिहील. हे काम कोणीही करणार नाही.

काचेच्या खोलीचं माप घेतलं. आठ बाय नऊ. पडद्याचा रंग बायकोला विचारला. आधी खोली मिळू दे, म्हणाली. परवा मिळाली म्हणून सांगितलं होतं ना, एवढंही लक्षात राहत नाही हिच्या.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

रिपोर्ट गेला. तक्ता मुलीने केला, पत्र मी लिहिलं. तक्ते मी वाचत नाही. आकड्यांत डोकं घालणं हे उसासेचं काम. मी धोरण ठरवतो. वाक्य असं जमलंय: 'ज्या जागा पाहणीच्या काळात सतत रिकाम्या आढळल्या, त्या तत्काळ रद्द कराव्यात. याबाबत कोणाचीही गय करू नये.' साहेबांनी न वाचता सही केली. विश्वास!

गुरुवार, २७ फेब्रुवारी. सकाळी अकरा

मुख्य कार्यालयाचं पत्र. शिफारस मंजूर! 'जागा क्र. १७ वरील कर्मचारी संपूर्ण पाहणीत एकदाही कामावर आढळला नाही. सदर जागा रद्द करण्यात येत आहे. कर्मचाऱ्यास सोमवारपासून गोदामात पाठवावे.'

मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, कामचुकारपणाचं फळ. कोणी माझ्याकडे बघेना. मग ड्रॉवरमधून नकाशा काढून बघितला.

त्याच दिवशी. दुपारी साडेबारा

साहेबांकडे गेलो. चूक झाली, टेबल आणि नोकरी यात घोळ झाला, एवढंच सांगायचं होतं. वाक्य पाठ करून गेलो होतो.

साहेब उठून उभे राहिले. माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, नियम स्वतःलाही लावणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आजवर माझ्याशी उभं राहून ते कधी बोलले नव्हते.

मी म्हटलं, कर्तव्य केलं, साहेब.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

निरोप समारंभ. उसासे जवळ येऊन हळूच म्हणाला, अहो, चुकून झालं असेल तर आत्ता सांगा, मी येतो तुमच्याबरोबर साहेबांकडे, तक्ता आहे माझ्याकडे, पाच मिनिटांत सुटेल. म्हटलं, तुला काय वाटलं, मी चुका करतो? विचारपूर्वक निर्णय आहे. त्याने माझ्याकडे बघितलं. या वेळी उसासासुद्धा सोडला नाही.

सोमवार, ३ मार्च. सकाळी दहा

गोदाम. गावाबाहेर, दोन बस बदलून. रखवालदाराला विचारलं, इथे बसायची सोय कशी, बुकिंग वगैरे? तो म्हणाला, कशाला बुकिंग, जागाच जागा आहे.

बायकोला बढती सांगितली आहे. आत्ता फोन आला होता, खोली कशी आहे? म्हटलं, प्रचंड. आणि खुर्ची? म्हटलं, यायची आहे.

फोन ठेवल्यावर फार वाईट वाटलं. 'चुकलो' म्हणायला मला किती वेळ लागला असता?

आजची नोंद उभ्यानेच लिहितो आहे.