लवंगांची डबी

दि. ९ ऑक्टोबर

चि. ठकूस,

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा खोकला गेला, कुरकुर आहे तशीच. मी रोजचं वाचन आणि जप सोडलेला नाही. कागद जुन्या वहीतला आहे, मागच्या बाजूचं खोडलेलं वाचत बसू नकोस.

काल तुझी मैत्रीण येऊन गेली. म्हणाली, "काकू, परदेशातल्या त्या सरांनी तिला संशोधनासाठी पुन्हा बोलावलंय. महिनाअखेर कळवायचंय. पण ती म्हणते, आईबाबांना टाकून चार वर्षं कशी जाऊ?" मी चहा ओतत होते, तो बशीत सांडला.

ठकू, तीन वर्षांमागची गोष्ट लिहिते. तू प्रयोगशाळेतून तो नखाएवढा काळा तुकडा छोट्या डबीत घालून घरी आणला होतास. दुसऱ्या दिवशी परगावच्या यंत्रावर तपासायला न्यायचा होता. मी विचारलं, यावर आहे काय? तू म्हणालीस, "खांब. केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढे. आई, मिठाचा खडा ठेचला की चुरा होतो ना? हाही तसाच ठिसूळ. पण इतका बारीक केला आणि दाबला, तर फुटत नाही, वाकतो."

"का गं?"

"चीर पडायलाही जागा लागते. एवढ्याशात ती मावत नाही. मग आतले थर एकमेकांवरून सरकतात."

"आणि हात काढला की सरळ?"

"नाही. वाकला तो वाकलाच."

"म्हणजे तुझ्या बाबांची कंबर," मी म्हटलं, आणि तू पोट धरून हसलीस. मग म्हणालीस, "आठ महिने लागले हे करायला. हे जमलं की बाहेरची जागा पक्की."

सकाळी तू आंघोळीला गेलीस आणि मी तो तुकडा नळाखाली धरून घासणीने घासला. डबी पुसून तिच्यात लवंगा भरल्या.

सगळ्यांना वाटलं, अडाणीपणाने झालं. मी साधी बाटलीसुद्धा टाकत नाही, मग रिकामी दिसणारी डबी कशी सोडेन? बाबा आल्यागेल्याला सांगत, "हिने विज्ञान धुऊन काढलं!" मीही पदर तोंडाला लावून हसायचे. पण मी मॅट्रिक झालेली बाई आहे. तू सांगितलेलं मला नीट कळलं होतं. लवंगा भरल्या त्या चूक खरी वाटावी म्हणून. बाबा नुकतेच दुखण्यातून उठले होते, तू जाणार या विचाराने मी रात्रभर जागी होते. पण हे कारण झालं. करणारी मीच.

तू डबी उघडलीस, लवंगांकडे बघत खाली बसलीस आणि म्हणालीस, "असू दे आई, तुला काय माहीत." आदळआपट केली असतीस, तर कदाचित मी तेव्हाच कबूल केलं असतं. तू वाकलीस. मला वाटलं, होईल चार दिवसांत सरळ. आता कारखान्यात चष्म्याच्या काचा तपासतेस, आणि काहीही विचारलं तरी "चालेल" म्हणतेस. पूर्वी माझ्याशी भाजीच्या मिठावरून भांडायचीस.

देवाला केव्हाच सांगितलं. त्याला सांगणं सोपं, तो उलट विचारत नाही.

तू ज्या भोळ्या आईसाठी थांबते आहेस, ती कधी नव्हतीच. सरांना होकार कळव. बाबांचं मी बघेन. इतकी वर्षं बघतेच आहे. त्यांना अजून काही ठाऊक नाही, आज जेवण झालं की सांगणार आहे. तू फोन करशील तेव्हा आधी त्यांच्याशी बोल. मी शेजारी उभी असेन. माझ्याशी बोलावंसं वाटलं तर रिसीव्हर माझ्याकडे द्यायला सांग, नाही वाटलं तर नको.

खाली आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज हात धजत नाही.

आई